फॅमिलीसर्च : एका इंग्रज शेतकरी घराण्याचा माग काढताना आलेला अनुभव

फॅमिलीसर्च ही वंशावळीची जुनी कागदपत्रे घरबसल्या पाहू देणारी मोफत सेवा आहे. अंबाजोगाईत राहून सतराव्या शतकातील एका इंग्रज शेतकरी घराण्याचा माग काढण्यासाठी मी ती दीर्घकाळ वापरली असून तिच्याविषयीचे माझे मत आरंभीच सांगतो. मूळ नोंदवह्यांची छायाचित्रे पाहण्यासाठी हिच्या तोडीची दुसरी मोफत सेवा मला आढळलेली नाही. मात्र याच सेवेवर जो तयार वंशवृक्ष दिसतो, त्यावर विसंबून कोणी आपल्या घराण्याचा इतिहास लिहू नये. ही दोन्ही विधाने एकाच सेवेविषयी खरी आहेत आणि हा फरक ज्याला कळला त्यालाच तिचा खरा उपयोग होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हे काम माझ्याकडे आले ते नात्यामुळे. माझी पुतणी लग्नानंतर अमेरिकेत बोस्टनजवळ स्थायिक झाली. तिच्या सासरचे घराणे मॅसॅच्युसेट्समध्ये सतराव्या शतकापासून नांदत आहे आणि मूळ पुरुष इंग्लंडच्या सफोक परगण्यातून आला, एवढे त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. हा मूळ पुरुष नेमका कोणत्या गावचा आणि कोणाचा मुलगा, हे तिच्या सासऱ्यांना जाणून घ्यायचे होते. ‘काका, तुम्ही मोडी वाचता, लोकांच्या वंशावळी लावून देता, मग आमच्याकडचेही बघाल का?’ असे तिने विचारले आणि मी आनंदाने होकार दिला. मी महाविद्यालयात इतिहास शिकवत असे आणि निवृत्तीनंतरही जुन्या कागदांचा संबंध सुटलेला नाही. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून तर आजोबा-पणजोबांचे नाव असलेला कागद ही आमच्या भागात घरोघरची गरज झाली आहे. खासरा पाहणी पत्रक, कोतवाल बुक, निजामकाळातील उर्दू दप्तर असे जे मिळेल ते घेऊन लोक येतात. इंग्रज घराण्याच्या शोधाची रीतही याहून वेगळी नाही. आजच्या माणसापासून सुरुवात करून एकेका कागदाच्या आधाराने एकेक पिढी मागे जायचे, आणि कागद जिथे थांबतो तिथे आपणही थांबायचे.

सेवा कोणाची आहे हे वापरणाऱ्याला माहीत असावे. मॉर्मन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती पंथाची ही संस्था आहे. दिवंगत पूर्वजांसाठीही धर्मविधी करता येतात अशी त्या पंथाची श्रद्धा असल्यामुळे पूर्वजांची नावे शोधणे हे त्यांच्याकडे धर्मकार्य मानले जाते. १८९४ मध्ये अमेरिकेतील युटा येथे त्यांनी वंशावळ संस्था स्थापन केली, १९३८ पासून जगभरच्या नोंदवह्यांचे सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) घेण्यास आरंभ केला आणि ते सॉल्ट लेक सिटीजवळच्या डोंगरात ग्रॅनाइट खडक कोरून केलेल्या कोठारात ठेवले. संकेतस्थळ १९९९ मध्ये सुरू झाले आणि सुमारे २४ लाख रिळांचे डिजिटल रूपांतर २०२१ मध्ये पूर्ण झाले. वापरण्यासाठी खाते उघडावे लागते, पैसे लागत नाहीत, आणि माझ्या अनुभवात धर्मप्रचाराचा त्रास कधी झालेला नाही.

कोणतीही शोधसेवा पारखायची असेल तर ज्याचे उत्तर आधीच सिद्ध झालेले आहे असा प्रश्न तिला विचारून पाहावा. त्यासाठी मी अब्राहम लिंकन यांचे घराणे निवडले, कारण त्यात या विषयातील जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र सापडतात. इंग्लंडच्या नॉर्फोक परगण्यात स्वॉन्टन मॉर्ली नावाचे गाव आहे. तिथे रिचर्ड लिंकन नावाचा खाऊनपिऊन सुखी असा जमीनधारक होता. गावच्या चर्चचा कारभारही त्याने पाहिला होता. १६२० मध्ये तो वारला तेव्हा त्याची बरीचशी मालमत्ता नंतरच्या लग्नांतून झालेल्या मुलांकडे गेली आणि थोरला मुलगा एडवर्ड याच्या वाट्याला फारसे काही आले नाही. एडवर्ड जवळच्याच हिंगम गावी राहिला. त्याचा मुलगा सॅम्युएल याचा बाप्तिस्मा २४ ऑगस्ट १६२२ रोजी हिंगमच्या सेंट अँड्र्यू चर्चमध्ये झाला आणि १६३७ मध्ये तो मॅसॅच्युसेट्सला गेला. अब्राहम लिंकन यांचा हा सहा पिढ्यांपूर्वीचा पूर्वज. आजोबांकडे जमीन होती, आणि नातू मात्र एका विणकराच्या घरचा नोकर म्हणून जहाजावर चढतो. मृत्युपत्राचा कागद हाती नसता तर ही घसरण का झाली हे कोणाला समजलेही नसते.

योमन म्हटला जाणारा शेतकरी हा इंग्रज समाजातील मधला थर. त्याच्यावर सरदार आणि वंशचिन्ह मिरवणारे सद्‌गृहस्थ, त्याच्याखाली लहान शेतकरी आणि मजूर. १४३० च्या कायद्याने वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची स्वतःच्या मालकीची जमीन असणाऱ्यापुरताच परगण्याच्या पार्लमेंट निवडणुकीतील मताचा अधिकार मर्यादित केला होता; सुस्थितीतील योमन त्यात मोडत असे. वंशावळ शोधणाऱ्याच्या दृष्टीने या थराचे वैशिष्ट्य असे की, सरदार-सद्‌गृहस्थांच्या वंशावळी दरबारी अधिकारी गावोगाव फिरून नोंदवून घेत, तशी सोय योमनासाठी नव्हती. मात्र मजुरापेक्षा त्याच्यामागे अधिक कागद उरतात. तो मृत्युपत्र करतो, कर भरतो, जहागिरीच्या न्यायसभेत जमिनीच्या हस्तांतरासाठी उभा राहतो, चर्चचा हिशेब सांभाळतो. वंशावळ कोणी लिहून ठेवलेली नसली तरी ती लावता येईल एवढे पुरावे तो मागे ठेवून जातो, आणि म्हणूनच त्याचा शोध घेण्यात खरा आनंद आहे.

यातला पहिला पुरावा म्हणजे चर्चची नोंदवही. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीने, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी असा आदेश दिला. आरंभीच्या कित्येक वह्या कागदी असल्याने नष्ट झाल्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून घ्याव्यात आणि दरवर्षीची नक्कल बिशपकडे पाठवावी असे ठरले. त्यामुळे मूळ वही गहाळ असली तरी नक्कल मिळण्याची आशा राहते, आणि फॅमिलीसर्चवर अनेक परगण्यांच्या अशा नकलाही पाहायला मिळतात. पण आदेश १५३८ चा असला तरी प्रत्येक गावची वही तेव्हापासून मिळेलच असे नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या घराण्याचे उदाहरण घ्या. नॉर्दॅम्प्टनशरमधील एक्टन या गावी त्यांच्या पूर्वजांची सुमारे ३० एकर स्वतःची जमीन होती आणि जोडीला लोहारकाम चाले. फ्रँकलिन यांनी तिथली नोंदवही पाहिली तेव्हा त्यांना १५५५ पासूनच्याच नोंदी मिळाल्या, त्यापूर्वीचे काही नव्हते. १७५८ मध्ये ते मुलाला घेऊन त्या गावी गेले तेव्हा पूर्वजांच्या थडग्यांवर इतके शेवाळ साचले होते की अक्षर लागत नव्हते. तिथल्या धर्मगुरूंच्या पत्नीने कडक ब्रश आणि पाण्याचे भांडे मागवले, फ्रँकलिन यांच्यासोबत आलेल्या पीटर नावाच्या गुलामाने दगड घासून स्वच्छ केले आणि मुलाने अक्षरे उतरवून घेतली. वंशावळीच्या कामात कागदाइतकेच दगडही बोलतात, आणि ते वाचण्याजोगे करणारे हात सहसा वंशावळीत नसतात, हे त्या प्रसंगातून माझ्या मनात कायमचे राहिले आहे.

फॅमिलीसर्चवरील छायाचित्रे मोठी करून पाहता येतात आणि येथेच या सेवेचे मोल कळते. सोळाव्या-सतराव्या शतकातील इंग्रजी हस्ताक्षर आजच्या इंग्रजी वाचकाला सहसा वाचता येत नाही. त्यातला ‘ई’ उलटा वळवलेला दिसतो, ‘एच’ची शेपटी ओळीखाली लोंबते, मोठ्या ‘एफ’च्या जागी दोन लहान ‘एफ’ येतात, आणि कित्येक नोंदी लॅटिनमध्ये संक्षेपाने केलेल्या असतात. मोडी शिकताना ज्याप्रमाणे आधी एकाच लेखनिकाचे वळण ओळखून मग पुढे जावे लागते, तसेच येथेही करावे. एका धर्मगुरूच्या हातच्या चार-सहा पानांतील ओळखीच्या नावांवरून अक्षरमाला बनवून जवळ ठेवली की पुढची पाने उलगडू लागतात. माझ्यासमोरच्या पॅरिशमध्ये एका धर्मगुरूचे अक्षर मोत्यासारखे होते. त्याच्या जागी दुसरा आला आणि शाई फिकी, ओळी तिरप्या, दफनाच्या नोंदीत कधी केवळ ‘अमक्याचे मूल’ एवढेच, नाव नाही. वही तीच, गाव तेच, पण माणूस बदलला आणि पुढच्या शोधकर्त्यांसाठी एका पिढीची मुले निनावी झाली.

आणखी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, कारण ती माहीत नसल्यास वंशावळ सरळ चुकते. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायद्याने वर्षारंभ २५ मार्चला होत असे. त्यामुळे वहीत ‘१० फेब्रुवारी १६३०’ असे लिहिलेले असेल तर आजच्या गणनेने ते १६३१ असते. हे लक्षात न घेता काही अनुक्रमणिका तयार झाल्या आहेत, आणि परिणामी मुलाचा जन्म आई-वडिलांच्या विवाहाच्या आधी झाल्यासारखा दिसतो. अनुक्रमणिका हजारो स्वयंसेवकांनी मेहनतीने केल्या आहेत आणि त्याबद्दल कृतज्ञताच वाटते, परंतु त्यातील नाव किंवा तारीख ही केवळ मूळ पान शोधण्याची खूण मानावी. नावाचे स्पेलिंग त्या काळात स्थिर नव्हते, म्हणून शोधताना अक्षरांच्या जागी तारांकन किंवा प्रश्नचिन्ह घालण्याची जी सोय दिलेली आहे तिचा भरपूर उपयोग करावा.

मृत्युपत्र हा दुसरा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा पुरावा. योमनाच्या मृत्युपत्रात आरंभी आत्मा देवाच्या हाती सोपवलेला असतो, मग कोणाला कोणते शेत, कोणाला पिसांची गादी, कोणाला पितळी भांडे, कोणाला गाय, आणि चर्चच्या गरिबांना काही शिलिंग. मुलगे, लग्न झालेल्या मुली, जावई, नातवंडे यांची नावे नात्यासह येतात, जे जन्म-मृत्यूच्या वहीत कधीच मिळत नाही. ही मृत्युपत्रे १८५८ पर्यंत चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. एकाहून अधिक ठिकाणी मालमत्ता असलेल्यांची कँटरबरीच्या वरिष्ठ न्यायालयात जात आणि ती आज इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. गावपातळीवरच्या शेतकऱ्यांची बहुधा आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा धर्माधिकारी) किंवा बिशप यांच्या न्यायालयात राहिली व परगण्यांच्या अभिलेखागारांत पोचली. येथे फॅमिलीसर्चची मर्यादा जाणवते. अनेक ठिकाणी अनुक्रमणिकेत नाव दिसते, पण छायाचित्राच्या जागी कुलपाची खूण येते. मूळ कागद ज्या अभिलेखागाराचा आहे त्याच्याशी झालेल्या करारानुसार ती छायाचित्रे केवळ संस्थेच्या केंद्रांत किंवा संलग्न ग्रंथालयांत पाहता येतात, घरून उघडत नाहीत. मराठवाड्यातील वापरकर्त्यासाठी हा मोठा अडसर आहे आणि सेवेचे मूल्यमापन करताना तो लपवण्याचे कारण नाही. मी अशा वेळी क्रमांक टिपून घेतला आणि परगण्याच्या अभिलेखागाराला पत्र लिहून शुल्क भरून प्रत मागवली. ती स्वच्छ आणि संपूर्ण मिळाली.

आता समुद्राकडे वळू, कारण या साऱ्या शोधाची कसोटी तिथे लागते. १६२० ते १६४० या काळात सुमारे २० हजार इंग्रज न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या अमेरिकी वसाहतींत, गेले. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली ११ जहाजांचा ताफा निघाला आणि पुढच्या दहा वर्षांत ओघ वाढत गेला. इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख आर्चबिशप लॉड यांचा प्युरिटन, म्हणजे चर्चची आणखी शुद्धी मागणाऱ्या, धर्मगुरूंवरील दबाव, नॉरिचचे बिशप मॅथ्यू रेन यांनी १६३५ ते १६३८ या काळात पूर्व इंग्लंडमध्ये केलेली कडक अंमलबजावणी, त्याच भागातील लोकरी कापडाच्या धंद्यातली मंदी, आणि धाकट्या मुलांना पुरेल एवढी जमीन गावात नसणे, अशी कारणे एकमेकांत गुंतलेली होती. लोक एकेकटे न जाता गावकीसह गेले. पीटर होबार्ट हे धर्मगुरू १६३५ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये पोचले आणि त्यांच्याभोवती वसलेल्या गावाचे नाव हिंगमच ठेवण्यात आले; नॉर्फोकमधील हिंगमचे धर्मगुरू रॉबर्ट पेक स्वतः १६३८ मध्ये तिकडे गेले. त्यामुळे एका कुटुंबाचा माग सुटला तर त्याच्या शेजाऱ्यांचा धरावा, ही या कामातली फार उपयोगी युक्ती आहे. शेजारी जिथून आले, बहुधा आपला माणूसही तिथूनच आलेला असतो.

जहाजांच्या याद्या सगळ्या टिकलेल्या नाहीत. ज्या आहेत त्यांतही काय पाहायला मिळते ते सॅम्युएल लिंकनच्या नोंदीवरून कळावे. १६३७ मध्ये ग्रेट यारमथ बंदरात न्यू इंग्लंडला जाऊ इच्छिणाऱ्यांची चौकशी होऊन यादी झाली. तिच्यात नॉरिचचा विणकर फ्रान्सिस लॉज, त्याची पत्नी, मुलगी आणि दोन नोकर आहेत. नोकरांपैकी एकाचे नाव ‘सॅम्युएल लिंकॉर्न’ असे लिहिलेले असून वय १८ दिले आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीप्रमाणे त्या वेळी तो १५ वर्षांचाही झालेला नसावा. आडनाव वेगळे, वय वेगळे, आणि तरीही माणूस तोच आहे असे अभ्यासक मानतात ते केवळ नावावरून नव्हे. त्याचे भाऊ मॅसॅच्युसेट्समधील हिंगममध्ये होते, त्यांच्यातील व्यवहार तिथल्या कागदांत आहेत, आणि नॉर्फोकमधील घराण्याच्या कागदांशी ते जुळतात. उलट बाजू अशी की, त्या एकाच अमेरिकी हिंगम गावात थॉमस लिंकन नावाचे चार गृहस्थ एकाच काळात राहत होते आणि गावाच्या दप्तरात त्यांना विणकर, गिरणीवाला, पिंपे बनवणारा आणि शेतकरी असे धंद्यावरून ओळखावे लागे. आमच्याकडेही एका गावात एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे दोन खातेदार निघतात तेव्हा गट क्रमांक आणि चतुःसीमा पाहूनच निर्णय करावा लागतो.

स्वतः अब्राहम लिंकन यांना आपले घराणे कुठवर माहीत होते, हे वाचून मला या विषयाचे गांभीर्य नव्याने कळले. १८५९ मध्ये लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात त्यांनी आजोबा व्हर्जिनियातून केंटकीला आले आणि त्यांचे पूर्वज पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स परगण्यातले होते, एवढे सांगितले. न्यू इंग्लंडमधील याच नावाच्या घराण्याशी संबंध जोडण्याचा प्रयत्न झाला, पण इनॉक, लेव्ही, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी नावे दोन्हीकडे आहेत यापलीकडे निश्चित काही हाती लागले नाही, असेही त्यांनी प्रांजळपणे नोंदवले. संबंध खरोखरच होता. मॅसॅच्युसेट्समधून न्यू जर्सी, तिथून पेनसिल्व्हेनिया आणि मग व्हर्जिनिया असे हे घराणे पिढ्यांमागून पिढ्या सरकत गेले होते, आणि ही साखळी पुढे कागदोपत्री सिद्ध झाली. परंतु पुरावा हाती नसताना लिंकन यांनी नात्याचा दावा केला नाही. एवढा संयम आजच्या वंशवृक्षांत क्वचितच दिसतो.

फॅमिलीसर्चच्या सामायिक वंशवृक्षात नेमका हाच संयम नाही. हा एकच मोठा वृक्ष आहे आणि त्यात कोणीही नाव जोडू शकतो, बदलू शकतो, दोन माणसे एकच आहेत असे ठरवून त्यांचे विलीनीकरण करू शकतो. हयात व्यक्तींची माहिती इतरांना दिसत नाही, ही चांगली व्यवस्था आहे. पण सतराव्या शतकातील एका योमनाचे आज हजारो वंशज आहेत आणि त्यांतले अनेकजण आपापल्या समजुतीप्रमाणे तोच कोपरा दुरुस्त करत राहतात. त्यात जुनी बनावट वंशावळही मिसळलेली असते. गुस्ताव्ह आंझू या माणसाने विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीमंत अमेरिकी कुटुंबांना खोट्या वंशावळी रचून विकल्या. त्या छापल्या गेल्या, ग्रंथालयांत गेल्या आणि तिथून वृक्षांत उतरल्या.

माझ्या पुतणीच्या सासरी असाच एक तक्ता होता. तो काही वर्षांपूर्वी एका व्यावसायिक संशोधकाला चांगले पैसे देऊन करवून घेतलेला होता. चौकटीत बसवलेल्या त्या तक्त्यात मूळ पुरुषाचे वडील, आजोबा आणि मागे थेट अकराव्या शतकात इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन सरदारांपर्यंतची साखळी होती, आणि कुठल्याही पिढीला एकाही कागदाचा दाखला नव्हता. सामायिक वृक्षातही तीच साखळी होती. मी त्यातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीचे मूळ पान उघडले. नाव बरोबर, साल अपेक्षेला जुळणारे, पॅरिशही सफोकमधलीच. मग त्याच वहीतील दफनाची पाने ओळीने वाचत गेलो आणि चार वर्षांनंतरच्या हिवाळ्यात त्याच वडिलांचा त्याच नावाचा मुलगा पुरल्याची नोंद सापडली. ज्या मुलाला अमेरिकेत नेऊन त्याच्यापासून वंश चालवला होता, तो मुलगा इंग्लंडमध्येच लहानपणी वारला होता. दफनाची पाने वाचण्याचे कष्ट ना त्या संशोधकाने घेतले होते, ना वृक्ष भरणाऱ्यांनी.

खरा माणूस शेजारच्या पॅरिशमध्ये होता. त्याचे नाव तेच, वडील योमन, आणि वडिलांचे मृत्युपत्र अनुक्रमणिकेत दिसत होते, परंतु छायाचित्र कुलूपबंद. वर सांगितलेली मागवलेली प्रत ती हीच. तिच्यात थोरल्या मुलाला घर आणि शेत, दोन मुलींना रोख रक्कम, आणि ‘न्यू इंग्लंडमध्ये असलेल्या’ धाकट्या मुलाला, तो परत आला किंवा त्याने माणूस पाठवला तर द्यावयाची रक्कम लिहिलेली आहे. त्या ओळीवर बोट ठेवून मी ती पुन्हा पुन्हा वाचली. मुलगा जिवंत आहे की नाही हेही नीट ठाऊक नसलेल्या बापाने वाटणीत त्याचा हिस्सा राखून ठेवला होता. पुतणीला हे फोनवर वाचून दाखवले तेव्हा तिच्या सासऱ्यांनी तक्ता भिंतीवरून उतरवायला सांगितले, आणि ‘सरदार नसले तरी चालतील, हे आमचे आहेत’ असे ते म्हणाल्याचे तिने मला कळवले.

अमेरिकेकडची बाजू या सेवेवर अधिक भक्कम आहे. मॅसॅच्युसेट्समधील गावांनी जन्म, विवाह, मृत्यू आणि जमीनवाटपाच्या नोंदी आरंभापासून ठेवल्या आणि त्यातल्या पुष्कळशा येथे खुल्या आहेत. २०२४ पासून हस्तलिखित पानांतील मजकूर संगणकाने वाचून त्यात थेट शब्द शोधण्याची सोय प्रायोगिक स्वरूपात आली असून ती अमेरिकेतील जमीन व वारसाहक्काच्या कागदांपासून सुरू झाली. पूर्वी साक्षीदार म्हणून किंवा चतुःसीमेत आलेले नाव अनुक्रमणिकेत कधीच मिळत नसे, आता मिळते. मला मूळ पुरुषाचे नाव एका खरेदीखतात शेजारचा जमीनधारक म्हणून असेच सापडले, आणि खरेदी देणारा त्याच सफोकमधील पॅरिशचा निघाला. सतराव्या शतकातील अक्षरावर संगणक अजून वारंवार अडखळतो, तरीही ही सोय एकटीच खाते उघडण्यास पुरेसे कारण आहे. याच्या जोडीला बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीचे काम अवश्य पाहावे. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी १९८८ पासून १६२० ते १६४० मधील स्थलांतरितांची एकेक करून कागदोपत्री तपासणी चालवली. माझे निष्कर्ष मी त्या कसोटीवर घासून पाहिले. तिथले बरेचसे साहित्य सशुल्क आहे.

आमच्या भागातून ही सेवा वापरताना काही व्यावहारिक गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. छायाचित्रे जड असल्याने मोबाइलच्या इंटरनेटवर पान उमटायला वेळ लागतो, आणि वीज जाण्याच्या वेळा पाहूनच बसावे लागते. मी पहाटेची वेळ निवडली. सापडलेले पान लगेच उतरवून घ्यावे आणि त्यासोबत पॅरिशचे नाव, वहीची वर्षे, रिळाचा क्रमांक आणि छायाचित्राचा क्रमांक लिहून ठेवावा, कारण आज खुले असलेले छायाचित्र करार बदलल्यास उद्या कुलूपबंद होऊ शकते. ज्यांची मुले परदेशी आहेत आणि सोयऱ्यांच्या घराण्याविषयी ज्यांना आस्था आहे त्यांनी, तसेच इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी, ही सेवा जरूर वापरावी; वंशवृक्षाचे पान न उघडता थेट स्थळानुसार नोंदवह्यांच्या यादीत शिरावे. हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रेही याच सेवेवर आहेत, तीही विद्यार्थ्यांनी पाहण्याजोगी आहेत.

पुतणीच्या सासरच्या वंशावळीत मृत्युपत्र करणाऱ्या योमनाच्या पलीकडे मी अद्याप गेलेलो नाही. त्या पॅरिशची वही त्याच्या जन्मानंतर सुरू होते आणि बिशपकडची नक्कलही त्या वर्षांची उरलेली नाही. जहागिरीच्या न्यायसभेच्या गुंडाळ्या त्या परगण्याच्या अभिलेखागारात आहेत. त्या लॅटिनमध्ये आहेत आणि त्यांची छायाचित्रे फॅमिलीसर्चवर नाहीत. जमीन बापाकडून मुलाकडे गेल्याची नोंद मिळालीच तर ती तिथे मिळेल. तोवर त्याच्या वडिलांची चौकट मी कोरी ठेवली असून सामायिक वृक्षातही ती कोरी का आहे याचे टिपण, दफनाच्या पानाच्या क्रमांकासह, जोडून ठेवले आहे.